सहा सिलिंडर आणि थंड डोकं

२ जानेवारी
गाडी आली. साडेतीन लिटर, सहा सिलिंडर, पेट्रोल. शोरूमवाल्याने आधी चार सिलिंडरचं डिझेल दाखवलं, मग ती अर्धी बॅटरीवर चालणारी हायब्रिड. आमची ही हायब्रिडवर अडून बसली. मी तिला शांतपणे समजावलं. टेबलावर मूठ आपटली ती फक्त मुद्दा ठसवण्यासाठी. पेनस्टँड आपोआप पडला.

माझी थिअरी सोपी आहे. जुन्या गाडीचं इंजिन मरतुकडं होतं. ओव्हरटेक करताना धापा टाकायचं, मागचा हॉर्न मारायचा, पुढचा हलायचा नाही आणि माझा पारा चढायचा. मागे एका स्कूटरवाल्याचा आरसा उपटला गेला, त्याला ते इंजिन जबाबदार. अंगात ताकद असली की माणूस शांत राहतो. शांत माणसाचा पाय हलका पडतो. पाय हलका पडला की ॲव्हरेज मिळतं. कंपनी बारा म्हणते. मी तेरा काढणार.

हिची एकच अट. रस्त्यावर पुन्हा कुणावर हात उचललात तर लेकीला घेऊन ताईकडे निघून जाईन, आणि परत येणार नाही म्हणाली. लगेच मान्य केलं. आता हात उचलायची वेळच येणार नाही.

३ जानेवारी, सकाळी
ॲव्हरेज पाच पॉइंट एक. इंजिन नवीन आहे, मोकळं व्हायला वेळ लागतो.

लेक मागच्या सीटवर मधोमध बसते. तिथून तिला स्क्रीनवरचा आकडा दिसतो. नऊ वर्षांची आहे, आकड्यांचं भारी वेड. बाबा सात, बाबा सहा, असं ओरडत होती. एका टेम्पोने घुसवली तेव्हा बाबा तीन म्हणाली आणि गप्प झाली. आरशात पाहिलं तर दोन्ही कान झाकून बसलेली. विचारलं तर म्हणाली, तीन आला की बाबा ओरडतो.

मुलांच्या डोक्यात काय येईल सांगता येत नाही.

७ जानेवारी
पंपावरचा माणूस म्हणाला, साहेब, परत आलात? परवाच तर टाकी फुल केली होती. वर दात काढून हसला.

गाडी उंच आहे. खिडकीतून हात बाहेर काढला की तो समोरच्याच्या कॉलरपाशीच येतो. याला हात उचलणं म्हणत नाहीत, हात खालीच गेला होता. त्याच्या कॉलरचं बटण तुटलं, ते आधीच सैल असणार. ही शेजारी बसली होती. घरी येऊन तिने कपाटावरची मोठी बॅग काढून पुसून ठेवली. धूळ फार झाली होती म्हणे.

११ जानेवारी
आमच्या फरशांच्या गोडाऊनमध्ये हमालांनी विचारलं, साहेब, नवी गाडी किती देते? अकरा म्हणालो. एकजण म्हणाला, आमचा फरशांचा ट्रक भरलेला असला तरी सहा देतो, तुमची तर बरीच चांगली की. त्याने हे साधेपणाने म्हटलं असेल. पण मला ते झोंबलं. कारण आज सकाळी मी ट्रकच्याही खाली होतो.

नंतर बाथरूमच्या निळ्या फरशांची एक पेटी फोडली. एकेक करून, मागच्या भिंतीवर. डिफेक्टिव्ह म्हणून नोंदवली. फार हलकं वाटलं. हा व्यायाम एखाद्या डॉक्टरने सांगायला हवा होता.

१५ जानेवारी
साडू आला. ताईचा नवरा, दाताचा डॉक्टर. स्वतःची डिझेल गाडी बरोब्बर माझ्या गाडीला खेटून लावली. चहा हातात घेतला आणि सोळा म्हणाला. मी काही विचारलंही नव्हतं. मग म्हणाला, मोठ्या गाडीला डिझेलच बरं, खालच्या स्पीडलाच ओढ मिळते, इंजिनाला ओरडावं लागत नाही. ओरडावं म्हणताना त्याने माझ्याकडे पाहिलं असं मला वाटतं.

मी म्हणालो, तुझी गाडी सुरू झाली की कुणी पत्र्याच्या डब्यात खिळे हलवतंय असं वाटतं. सगळे हसले. मीही हसलो. मग त्याला सोडायला खाली गेलो आणि त्याच्या टायरला सणसणीत लाथ घातली. टायरला काही झालं नाही. माझा अंगठा मोडला.

घरी जिन्यात पाय घसरला असं सांगितलं. लेक म्हणाली, नाही, मी गॅलरीतून पाहिलं. चुरूचुरू बोलते फार.

१९ जानेवारी
पायाला प्लॅस्टर. गाडी ही चालवते. आज लेकीला शाळेत सोडून, बाजार करून परत आली. ॲव्हरेज अकरा पॉइंट दोन.

अकरा पॉइंट दोन!

मी विचारलं, कुठून गेलीस? म्हणाली, रोजच्याच रस्त्याने. लेक टाळ्या पिटत सांगत होती की आज तीन एकदासुद्धा आला नाही. उघड आहे, हिच्या वेळी सगळे सिग्नल हिरवे असणार. शिवाय मी गाडीत नव्हतो, तेवढं वजन कमी. खाली जाऊन जरा आकडा नीट बघितला आणि समोरच्या कप्प्यावर एक ठोसा मारला. कप्पा आता बंद होत नाही. हिने केसांचा रबरबँड लावून तो बांधून ठेवलाय. काही विचारलं नाही. या न विचारण्याचा मला जास्त राग येतो.

२६ जानेवारी
प्लॅस्टर निघालं. थेट मेकॅनिककडे. म्हणालो, इंजेक्टर खराब आहे, प्लग खराब आहेत, काहीतरी खराब आहे. त्याने सगळं तपासलं आणि म्हणाला, गाडीला काही झालेलं नाही, तुमचा पाय जड आहे. पेडलवर अंडं ठेवलंय असं समजून चालवा.

मी दातओठ खाल्ले. पण हात खिशात. ही प्रगती नोंद करण्यासारखी आहे.

२७ जानेवारी
समजून वगैरे माझ्याच्याने होत नाही. खरंच अंडं घेतलं, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून चिकटपट्टीने पेडलवर बसवलं. पहिल्याच चौकात बसवाला आडवा आला. अंडं फुटलं. हल्ली अंड्यांची कवचं फार पातळ येतात.

२८ जानेवारी
उकडलेलं अंडं. गोडाऊनपर्यंत टिकलं! ॲव्हरेज नऊ पॉइंट आठ! परत येताना एका कारवाल्याने मागून लाइट मारले. त्याला पुढे जाऊ दिलं. मग त्याच्या मागे लागून त्याला तीन किलोमीटर पळवलं. अंड्याची चटणी. गाडीत वास सुटलाय, लेक नाकाला रुमाल लावून बसते.

१ फेब्रुवारी
संकल्प. रविवारी सासऱ्यांच्या पंचाहत्तरीला डोंगरावरच्या घरी जायचं आहे. ताई आधीच तिकडे गेली आहे, साडूही येणार. तिथपर्यंत अकराच्या वर ॲव्हरेज काढायचं आणि सगळ्यांसमोर लेकीकडून आकडा वाचून घ्यायचा. हॉर्न नाही. शिव्या नाहीत. कुणी घुसवली तर हसायचं. हिला सांगितलं. ती म्हणाली, अहो, खरंच जमेल? फार हळू बोलली. खरंच जमवायचंय मला. हे कुणाला सांगणार नाही, पण ती बॅग अजून कपाटाबाहेर आहे आणि मला तिच्याकडे बघवत नाही.

४ फेब्रुवारी, रविवार
सगळं व्यवस्थित लिहून ठेवतो, म्हणजे उद्या कुणी वेडंवाकडं सांगितलं तरी खरं माझ्याकडे राहील.

डोंगराच्या पायथ्याशी ॲव्हरेज अकरा पॉइंट चार. लेक गात होती. हिने माझ्या हातावर हात ठेवला. कित्येक महिन्यांनी.

मग चढाला साडूची डिझेल पुढे आली. आली म्हणजे ती आधीपासूनच पुढे होती, आम्ही तिला गाठलं. तो तीसच्या स्पीडने रेंगाळत होता. मी एक लाइट मारला. त्याने खिडकीतून हात बाहेर काढून थांब अशी खूण केली. मला? सहा सिलिंडरला?

बाबा नऊ. बाबा सात. बाबा पाच. हिने हात काढून घेतला. बाबा चार, आणि मग मागून आवाजच बंद.

वळणावर मी त्याला ओव्हरटेक केलं, आडवी घातली आणि उतरलो. तो काच खाली करून म्हणाला, अरे, पुढे दरड कोसळलीय, म्हणून तर हळू चाललो होतो. तोपर्यंत माझा ठोसा निघाला होता. निघालेला ठोसा परत घेता येत नाही. नाकातून भळाभळा रक्त आलं. मी म्हणालो, खाली उतर. तो उतरला. मला वाटलं हात जोडेल. त्याने माझ्या जबड्यावर असा एक ठेवून दिला की मी रस्त्यावर बसलो आणि खालचा एक दात हातात आला. त्याने वाकून तो दात पाहिला आणि म्हणाला, हा तसाही पडणारच होता.

मी त्याची गचांडी धरली. आम्ही दोघं गटारात. मी वर, मग तो वर. तेवढ्यात ही किंचाळली.

गाडी मागे चालली होती. उतरताना पार्किंगला टाकायची राहून गेली असावी. सहा सिलिंडर, अडीच टन, आत या दोघी. हिने शेजारून झुकून ब्रेकचं बटण ओढलं तोवर मागची बाजू कठड्यावर आदळली, गाडी फिरली आणि समोरचा भाग दगडावर गेला. रेडिएटर फुटला. लेकीचा ओठ फुटला. थोडासाच. तिने अजून कान झाकलेले होते. मी दार उघडून तिला उचलायला गेलो तर ती दुसऱ्या दाराने उतरली आणि साडूच्या रक्ताळलेल्या शर्टाला चिकटली.

ब्रेकचं बटण फार छोटं दिलंय. कंपनीला कळवणार आहे.

४ फेब्रुवारी, संध्याकाळ, गॅरेजसमोर
वाढदिवसाला आमच्यापैकी कुणीच पोचलं नाही. मेकॅनिकने फोनवर सांगितलं, इंजिन बंद ठेवा, न्यूट्रलमध्ये टाका आणि हळूहळू ओढून आणा. साडूने नाकात कापूस कोंबला आणि डिझेलला दोर बांधला. या दोघी त्याच्या गाडीत बसल्या. हिने आमच्या गाडीतून ती मोठी बॅग काढून तिकडे ठेवली. राहायला जायचं म्हणून मी स्वतःच सकाळी ती भरून ठेवली होती, तेवढंच काम वाचलं.

मी मागे एकटा. इंजिन बंद असलं की स्टिअरिंग दगडासारखं होतं, दोन्ही दंड भरून आले. पण किल्ली चालू ठेवली होती म्हणून स्क्रीन दिसत होती. पेट्रोलचा एक थेंब जळत नव्हता आणि गाडी पळत होती. आकडा वाढायला लागला. आठ. नऊ. अकरा. सपाटीला आलो तेव्हा बारा पॉइंट तीन. कंपनीपेक्षाही जास्त. मोठ्याने वाचला, पण दात नसल्यामुळे नीट उमटला नाही.

पुढच्या गाडीच्या मागच्या काचेतून लेक माझ्याकडे बघत होती. ओठ सुजलेला. तिला आकड्यांचं वेड. तिला दाखवावं म्हणून मी स्टिअरिंगवरचा एक हात सोडला आणि बोटांनी आधी एक, मग दोन असा बारा करायला वर केला.

ती झटकन सीटखाली वाकली.

मी हात तसाच ठेवला, बराच वेळ. ती वर आली नाही. मग गॅरेज आलं, साडूने दोर सोडला आणि ते तिघं ताईच्या घराकडे गेले.

काचेवर ऊन होतं. आकडा तिला दिसला नसेल.