ओढ्याच्या पलीकडची घरं

६ जुलै
पंचायतीची मीटिंग. वाडीच्या पुलाचा विषय परत शेवटी. अध्यक्ष अण्णा म्हणाले, "मंगलबाई, पैसा माणसं बघून येतो. तुमची वाडी केवढी? हितं मोठ्या गावात अजून नाल्या न्हाईत." मी म्हटलं, ओढ्याला पाणी आलं की आमची शाळा बंद, दवाखाना बंद. "मग इकडंच राहायला या. शाळेमागं सगळ्यांना प्लॉट देतो." सगळे मेंबर माझ्याकडं बघायले.

७ जुलै
बातमी माझ्या आधी वाडीत. घरात यांना पटलंय. "पूल आपल्या जन्मात व्हत न्हाई. पोरींची शाळा तरी बुडायची न्हाई." शेजारची शांताक्का आधी कन्नडात चिडली, मग मराठीत. "रान हितं, गोठा हितं, आन् आम्ही तिकडं कामून?" तिचे मालक शिवप्पा मामा खोकत म्हणाले, चला की, मी पण येतो.

१५ जुलै
पहाटेपासून धो धो. शिवप्पा मामांना दम लागला. फोन केला, अँब्युलन्स आली, पण पलीकडच्या काठाला. यांनी अन् तिघांनी खाट उचलून पाण्यात घातली. छातीपर्यंत पाणी. परत फिरावं लागलं. दुपारी मामा गेले. गाडी तिकडं तशीच उभी.

१६ जुलै
पाणी उतरंना. त्यांच्या लिंगायतांत पुरतात, ती जागा पलीकडं. हळ्ळीखेडचे पाहुणे त्या काठाला, आम्ही या. मामांचा भाऊ हात हलवून काहीतरी म्हणायलाय, ऐकू येईना. शेवटी शांताक्काच म्हणाली, आपल्याच रानात ठेवू. जंगमस्वामी येऊ शकले न्हाईत. विभूती तिनंच लावली. पाहुण्यांनी तिथूनच हात जोडले.

२० जुलै
शांताक्का म्हणते, "यांना हितं टाकून मी कुठं जाऊ? तू मेंबर हायस. पूल आण."
घरी हे म्हणतात, "मामा गेले म्हणूनच जायचं. उद्या आपल्या पोरीला दम लागला तर?"
दोघांचंही खरं.

२ ऑगस्ट
ग्रामसभा. अण्णा म्हणाले, प्लॉट कुणाला पाहिजे, हात वर करा. निम्मी वाडी. यांचा हात सगळ्यात आधी. माझ्याकडं बघितलं न्हाई.
मी पुलाचा ठराव मांडला. म्हटलं, "चार घरं राहिली तरी ओढा तेवढाच रुंद ऱ्हातो." तालुक्याहून आलेला इंजिनिअर हळूच म्हणाला, "बाई, निम्मे लोक गेल्यावर पूल मंजूर कसा व्हईल?" अण्णा म्हणाले, ठराव वर पाठवतो. पाठवतील का...

५ ऑगस्ट
हे प्लॉट बघून आले. म्हणाले, दोन खोल्या निघतेत, पुढं तुळस लावता येईल. मी विचारलं, शांताक्काला काय सांगू?
हे पाय धुवायला गेले.