अण्णांच्या दम्याची वही

प्रिय चिमणे,

माझं हाताने लिहिलेलं पत्र पाहून आधी धस्स होईल, म्हणून पहिल्यांदा सांगते: इकडे सगळे ठणठणीत आहेत. मी तर मंगळवारपासून इतकी हलकी झालेय, की तुझा दादा म्हणाला, "काय गं, चक्क गुणगुणतेस?"

आमच्या डोळ्यांच्या दवाखान्याने नोंदी ठेवणाऱ्या आम्हा सगळ्यांना संख्याशास्त्राच्या वर्गाला घातलंय. सरावासाठी बाई म्हणाल्या, "आपापल्या घरातले आकडे आणा." घरातले आकडे म्हटले की आपले अण्णा! जन्मभर मीटर वाचत फिरलेला माणूस. दम्याची उबळ आली की तारीख, तापमान आणि मुक्काम कोणाकडे, सगळं वहीत. तुझ्याकडून ती सहा वर्षांची वही मागवली ती याचसाठी.

पहिला आलेख काढला. दोन घरं, दोन पट्ट्या. पाचाहून जास्त उबळी आल्या तो महिना वाईट धरला, तर आमच्याकडच्या दर दहा महिन्यांतले सात वाईट, तुझ्याकडचे तीनच. आत्याबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या होत्या ना, "सुनेच्या घरी गेला की माझा भाऊ खंगतो," तेच कागदावर. मी कागद घडी घालून पर्समध्ये कोंबला. बाईंनी मागून घेतला, पाहिला आणि विचारलं, "घर बदलतं तेव्हा आणखी काय बदलतं?" एकदम सुचलं. थंडी! आमच्या घरात ऊन येतं म्हणून थंडीचे सहा महिने ते आमच्याकडे, उकाड्याचे तुझ्याकडे. अपवाद दोनच: तुझ्या बाळंतपणातला उन्हाळा इथे, आणि गेली थंडी तुझ्याकडे. थंडी-उन्हाळा वेगळे करून पुन्हा पट्ट्या काढल्या. थंडीत दर दहातले आठ वाईट, उन्हाळ्यात दोन, आणि दोन्ही घरांत सारखेच! मंगळवारी भर वर्गात रडले गं. शेजारच्या बाकावरच्या कंपाउंडरला वाटलं, मी नापास झाले.

एक मात्र लपवणार नाही. तापमान आणि उबळी यांचे ठिपके मांडून मधून रेषा ओढली, तर एक ठिपका पार वर गेलेला. रेषेपासूनच्या त्या अंतराला रेसिड्युअल म्हणतात. रेषेप्रमाणे त्या महिन्यात सहा उबळी यायच्या, आल्या पंधरा. तारीख पाहिली. अण्णा येणार म्हणून हौसेने मी त्यांच्या खोलीला रंग दिला होता. त्या वरच्या नऊ बहुतेक माझ्याच. फोनवर त्यांच्यापाशी कबूल केलं, तर म्हणाले, "रंग छान होता पण."

गेल्या वर्षी घराचं काम निघालंय म्हणून मी अण्णांना तुझ्याकडेच ठेवून घ्यायला लावलं. काम वगैरे काही नव्हतं, चिमणे. त्यांचं काही बरंवाईट माझ्या घरात झालं तर, या भीतीने मी खोटं बोलले, आणि तू तान्हं बाळ, नोकरी आणि अण्णा असं सगळं एकटीने ओढलंस. एका शब्दाने विचारलं नाहीस. मला माफ कर. आता थंडी येतेय. त्यांना दम लागेल, तुझ्याकडे लागला तसाच इथेही. मी पाठ चोळत बसेन. रविवारी दादा गाडी घेऊन येतोय. अण्णांची बॅग भरून ठेव, आणि ते निघाले की बाळाला कुशीत घेऊन दुपारभर झोप काढ.

तुझीच, आता न घाबरणारी,
वहिनी