कागदावर तीन

२ जून

एक्स-रे पास, मी नापास! डॉक्टर माझ्या मणक्यांच्या फोटोकडे किती कौतुकानं बघत होते. "स्क्रू काय सुंदर बसलेत, बघा!" मी म्हटलं, "स्क्रू बसलेत हो, मला बसता येत नाही." कमरेच्या ऑपरेशनला पाच महिने झाले. दुखणं होतं तिथंच आहे. उलट डाव्या पायात त्यानं एक खोली वाढवून घेतलीय.

एक छापील कागद दिला. रोज दुखण्याला शून्य ते दहा यातला आकडा द्यायचा. "महिन्याभरात चारच्या खाली आला नाही, तर पुन्हा उघडायचं का ते बघू." उघडायचं! मी काय कपाट आहे?

पुन्हा त्या टेबलावर जायचं नाही. भीती वाटते, इथं लिहायला कसली लाज. पहिल्या वेळी आत नेताना हिचा हात सुटला, तेव्हा तो परत सापडेल असं वाटलं नव्हतं.

३ जून

वजनमापं खात्यात सव्वीस वर्षं निरीक्षक आहे मी. प्रमाण वजन हाताशी नसेल तर कोणताही काटा तपासता येत नाही, हे नव्या लोकांना मीच शिकवतो. आणि मला सांगतात, अंदाजे लिहा! दहा म्हणजे किती? तर म्हणे, "कल्पना करता येईल तेवढं."

शेवटी वजनं मीच ठरवली. मोजे घालणं — सहा. शिंक — आठ. येणारी शिंक अडवणं — नऊ. मेव्हण्याच्या मऊ सोफ्यातून उठणं — नऊ, शिवाय त्याचं भाषण.

आज आठ. हिनं कागद स्वयंपाकघराच्या दारामागं खिळ्याला टांगलाय. मी त्यावर तीन लिहिलं.

काटामारी! कुठल्या दुकानदारानं केली असती तर त्याच्या काट्याला तिथल्या तिथं सील ठोकलं असतं.

७ जून

कागदावर ३. इथं ८.

११ जून

मेव्हणा आला. एका व्यायामानं बरा होऊन धावायला लागलेला कुणीतरी त्याच्या ओळखीत कायम असतो. आज म्हणाला, "मांजरीसारखी पाठ करायची, भाऊजी. सोप्पं आहे!" स्वतः करून दाखवलं. मलाही खाली घेतलं. मी अडकलो ते ठीक — तोही अडकला! दोन म्हातारी मांजरं सतरंजीवर, आणि ही दारात.

"ताई, हात दे गं!"

मी म्हटलं, "आधी मला."

"तुमचं काय, तीनच तर आहे," असं म्हणून हिनं भावाला आधी उठवलं. आपलेच दात, आपलेच ओठ!

१६ जून

तीनचे आणखी परिणाम. "तीनच आहे तर माळ्यावरची ट्रंक काढता का?" नाही कसं म्हणणार? स्टुलावर चढलो. चढलो तो चढलोच. हात वर, ट्रंक वर, आणि कमरेत अशी काही चमक भरली की श्वास घेणंही नको झालं.

"काय झालं हो?"

"काही नाही. जाळी झालीत इथं. बघतोय."

दहा मिनिटं जाळी बघितली. ही स्टूल घट्ट धरून उभी. मग म्हणाली, "राहू द्या. रिकामीच आहे ट्रंक." रिकामी ट्रंक काढायला सांगतं का कुणी!

कागदावर ३. इथं — अडवलेल्या शिंकेच्या वर.

२० जून

ऑफिसात बसवत नाही, म्हणून साहेबांच्या केबिनमध्ये उभाच राहतो. साहेबांना वाटतं, मी त्यांना मान देतोय. आज सगळ्यांसमोर माझं उदाहरण दिलं!

घरी येताना आमच्या मजल्यावर लिफ्टपाशी पाय बधिर. कुणी विचारू नये म्हणून भिंतीवरची नोटीस वाचत थांबलो. पाठ झालीय आता.

२१ जून

कागदावर २. जरा जास्तच झालं.

३० जून

उद्या डॉक्टर. सरासरी काढली — दोन पूर्णांक नऊ! इतका सराईत दुकानदार मी उभ्या जन्मात पकडला नाही.

सुटलो. मग आनंद का होत नाही? सकाळी एक मोजा घालायला वीस मिनिटं लागली. मध्ये डोळ्यांत पाणी आलं. दुखतंय हो. फार दुखतंय. पण हे आता सांगणार कोणाला? कागदावर तर मी बरा होत आलोय.

१ जुलै

डॉक्टरांनी कागद घेतला. "वा! तीन, तीन, दोन..." मग उलटा केला आणि वाचतच बसले. मागं काय आहे वाचायला? मान पुढं करून बघितलं — हिचं अक्षर!

रोजचा आकडा. आठ. आठ. नऊ. पुढं शेरे. "लिफ्टची नोटीस पुन्हा वाचली. मागच्या वर्षीची आहे." "रिकामी ट्रंक काढायला सांगून बघितलं. नऊ. वर जाळी आहेत म्हणाले. माझ्या घरात जाळी नाहीत."

सव्वीस वर्षं लोकांच्या पारड्याखाली हात घालून बघतोय. घरचा कागद उलटून बघितला नाही!

"खरा काटा कुणाचा?" डॉक्टरांनी विचारलं.

"हिचा." "आता पुन्हा उघडणार?"

त्यांनी पाय उचलून, वाकवून बघितला. नवा फोटो दिव्यासमोर धरला. उघडून दुरुस्त करावं असं आत काही नाही म्हणाले. दुखणं पूर्ण जाईलच असं नाही, पण वेगळ्या गोळ्या आहेत, व्यायाम शिकवणारी बाई आहे, बरंच काही करता येतं. "आठ असेल तर. तीनवाल्याला मी हात हलवत घरी पाठवणार होतो."

रिक्षात ही बाहेर बघत होती. मीही दुसऱ्या बाजूला बाहेर बघत होतो.

२ जुलै

कागदाची मागची बाजू आज नीट वाचली. परवाच्या तारखेसमोर, अगदी खाली, लिहिलंय: "त्यांचं आठ. माझं दहा. बघत राहायचं आणि विचारायचं नाही."

नवा कागद घेतला. पट्टीनं दोन रकाने आखले. माझ्यात खरा आकडा लिहिला — आठ. मग स्वयंपाकघरात जाऊन हिला विचारलं, "तुझा किती?"

ओटा पुसता पुसता, मान न वळवता म्हणाली, "तीन."