नकाशाची वरची बाजू

तंजावूर,
८ ऑक्टोबर २०२४

कल्याणा,

आशीर्वाद पहिल्या ओळीत लिहायचे असतात, म्हणून लिहिले असं समज. पुण्यात तुम्ही सगळे बरे असाल. फोन उचलत नाहीस, तेव्हा टपालाशिवाय इलाज काय? आपल्या घरात देवनागरी वाचणारे आता तू आणि मी, दोघंच. अण्णाच्या मुलीला, जननीला, बोललेलं कळतं, लिहिलेलं नाही. त्यामुळे तिच्यासमोर बसूनच लिहिते आहे आणि ती सारखी विचारते, "आत्या, कागद फाटेल, एवढं दाबून काय लिहितेस?"

यंदा नवरात्रात कोलू मांडला नाही. वहिनी म्हणाली, ज्या घरावर रोज दगड पडतायत तिथे मातीच्या बाहुल्या कुणासाठी मांडायच्या? दर्शनी खिडकीची एक काच शिल्लक नाही.

अण्णाचा जबडा तारेनं बांधलाय. एक डोळा अजून उघडत नाही. इस्पितळात त्याच्या खाटेपाशी पोलीस बसलेला असतो. शेजारच्या सेल्लैयाच्या मुलांनी त्याला पाण्याच्या मोटारीच्या खोलीत कोंडून लोखंडी पाइपनं मारलं, एवढं वहिनीनं तुला कळवलंच आहे. सेल्लैयाचं मागाहून सांगते.

सगळं त्या फोनवरच्या नकाशानं सुरू झालं. पापनाशमला चहाच्या दुकानात कुणीतरी अण्णाला म्हणालं, तुमच्या कडेचं शेत घरांसाठी सुटलं, सरकारी नकाशात पिवळं झालंय. झालं! अण्णानं जननीच्या मागे लागून नकाशा बघायला शिकून घेतलं. शेती हिरवी, घरं पिवळी. दोन बोटांनी ताणलं की गाव जवळ येतं, शेताचा क्रमांक घातला की त्याभोवती लाल रेघ उमटते. त्याला आपलं शेत दिसलं, हिरवं, आणि वरच्या अंगाला चिकटलेला पिवळा तुकडा.

आता वरचं शेत कुणाचं, हे आपल्या गावात कुणालाही विचार. कालव्याचं पाणी येतं ती वरची बाजू, पश्चिमेची. म्हणजे सेल्लैयाचं. त्यानं तिथे प्लॉट पाडले की कालवा बुजणार आणि खाली आपल्याकडे थेंब यायचा नाही. अण्णानं नारळ सोलायचा कोयता उचलला आणि तसाच निघाला.

सेल्लैया बांधावर वाकून गवत काढत होता. अण्णानं विचारलं, "कुणाला विकलंस?" बिचाऱ्याला प्रश्नच कळला नाही. तो हसला. लहानपणापासून अण्णाच्या तावातावाला हसत आलाय तो, तसाच. पहिला घाव खांद्यावर बसला. त्यानं हात आडवा धरला, तर बोटं तुटून चिखलात पडली. "मी नाही, मी नाही" म्हणत तो कालव्याकडे सरपटत गेला आणि अण्णा मागोमाग घाव घालत गेला. भातलावणीच्या बायकांनी हे पाहिलं. त्या किंचाळल्या तेव्हा त्याची मुलं धावत आली.

टाळत होते लिहायचं. सेल्लैया गेला रे. इस्पितळात पोचायच्या आधीच गेला. मी भेटायला गेले तर त्याच्या बायकोनं, धनलक्ष्मीनं, रक्तानं भिजलेलं त्याचं वेष्टी, नेसतं धोतर, माझ्या तोंडावर फेकलं. मी ते धरून तशीच उभी राहिले.

वकील म्हणाले, शेजाऱ्यानं खरंच चोरून जमीन घरांसाठी बदलून घेतली असेल तर अण्णाला राग कशानं आला ते कोर्टात दाखवता येईल, नकाशा काढून आणा. म्हणून ह्या वयात मी शिकायला बसले. माझं बोट घसरलं की नकाशा थेट नागपट्टणमच्या समुद्रात! जननीनं न कंटाळता परत आणलं. आजचा वापर बघायचा असेल तर एका चौकटीत खूण, पुढचा आराखडा बघायचा असेल तर दुसरीत. मग मी कोपऱ्यातल्या बाणाबद्दल विचारलं. ती म्हणाली, "तो उत्तर दाखवतो, आत्या. नकाशात वर म्हणजे उत्तरच की."

"आणि कालवा?"

तिनं बोट ठेवलं. कालवा डावीकडून उजवीकडे जात होता.

सेल्लैयाचं शेत डाव्या हाताला होतं आणि ते हिरवं होतं, अगदी आपल्यासारखं. जननीनंही ओळखलं. बापाला बाणाचं सांगायचं राहिलं म्हणून पोरगी भिंतीवर डोकं आपटायला लागली. मी तिला घट्ट धरून ठेवलं आणि दुसऱ्या हातानं पिवळ्या तुकड्यावर बोट दाबलं. आधी शेती, आता निवासी, असं आलं. खाली क्रमांक होता.

वाटणीत कोल्लिडम नदीच्या बाजूचा, उत्तरेचा तुकडा तुला दिला तेव्हा मी तिथेच उभी होते, कल्याणा. मालकाच्या अर्जाशिवाय हे होत नाही, असं वकील म्हणाले. मालक कोण, ते मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

काय डा, काय रे हे? एक फोन करता आला नाही? अण्णा ओरडला असता, तुझ्या नावानं बोटं मोडली असती, जेवला नसता. आणि सेल्लैया जिवंत असता! तू समोर असतास तर तुझं थोबाड फोडलं असतं मी. तुझा गळा धरावासा वाटतो मला, खोटं कशाला लिहू?

काल अण्णाजवळ बसले होते. तारेतून बोलायला जातो, रक्ताची लाळ गळते. म्हणाला, "कल्याणाला येऊ देऊ नकोस. ती मुलं त्याला कापतील." मी बरं म्हटलं. जरा वेळानं म्हणाला, "त्याला सांग, तुझ्या शेताचं पाणी मी जाऊ दिलं नाही." लावणीच्या बायकांनीही मला तेच सांगितलं होतं. घाव घालताना तो ओरडत होता, "माझ्या धाकट्याचं शेत सुकवतोस?"

त्याला मी खरं सांगू शकले नाही. ते तुझं काम आहे.

गावात लोक मेलेल्या सेल्लैयाला अजून लबाड म्हणतात आणि धनलक्ष्मी खाली मान घालून ऐकते. हे मला बघवत नाही. दिवाळीपर्यंत वाट पाहीन, मग तिच्याकडे जाईन. पिवळं शेत कुणाचं ते तिची मुलं विचारतील. मी सांगेन. पुण्याचा पत्ता मागतील, तोही देईन.

त्याआधी तू आलास आणि तिच्या दारात उभा राहून स्वतःच्या तोंडानं बोललास, तर मी तुझ्यापुढे उभी राहीन. त्यांना आधी मला कापावं लागेल.

आलास तर तुझी अक्का,
नाहीतर नुसती
राजम