समजूत काढायला कोणी येऊ नये

दादा, तुला आठवते की नाही ठाऊक नाही, म्हणून आधी तेच लिहिते. रविवारची दुपार होती. मागच्या पायरीवर बसून आपण माझे शाळेचे कॅनव्हासचे बूट पांढरे करत होतो. तू बूट धरलेस, मी फडके फिरवत होते. आत बाबांचा आवाज चढला, काहीतरी फुटले, आणि तू एकदम तेराचा पाढा म्हणायला लागलास, इतक्या मोठ्याने की शेजारच्या काकू वाकून बघायला लागल्या. मी म्हटले, "दादा, आज सुट्टी आहे ना?" तू म्हणालास, "गप. तूपण म्हण." मला वाटले, तुला गणिताची हौस आहे. आईचे रडणे माझ्या कानावर पडू नये म्हणून तू ओरडत होतास, हे कळायला मला फार वर्षे लागली.

त्या मुलावर माझी अजून माया आहे. पुढचा मजकूर मात्र तो मोठा होऊन जो गृहस्थ झाला त्याच्यासाठी आहे.

मी, खाली सही करणारी, वय बासष्ट, अविवाहित, व्यवसाय विवाह आणि कुटुंब समुपदेशन, असे लिहून ठेवते की माझे डोके पूर्ण ठिकाणावर आहे. हृदय तितकेसे नाही, पण ते डॉक्टर बघत आहेत. हे लिहायला मला कोणी भाग पाडलेले नाही. उलट वकीलसाहेबांनी थोपवूनच पाहिले. म्हणाले, "बाई, मृत्युपत्रात रागवायचं नसतं." मी म्हटले, "साहेब, जन्मभर दुसऱ्यांचा राग ऐकून घेतला. समुपदेशनाच्या खोलीत मला रागवायची सोय नव्हती. आता इथेही नाही म्हणता?" त्यांनी चष्मा पुसला. "बरं, पण मिळकतीचं वर्णन तरी नीट करा."

मिळकत अशी : माझ्या स्वतःच्या कमाईने घेतलेले दुमजली घर. खाली समुपदेशनाची खोली आणि बाहेर बसायचा बाक. वर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. स्वयंपाकघराची खिडकी उचलून ढकलल्याशिवाय लागत नाही. हे सगळे घर, खिडकीसकट, माझ्यामागे माझ्या भाचीचे, म्हणजे दादाच्या मुलीचे. लहानपणी तिचा पाय घरात ठरत नसे, म्हणून आम्ही तिला भिंगरी म्हणायचो. आता ती पाठ भिंतीला लावून बसते आणि जिन्यावर पाऊल वाजले की बोलता बोलता थांबते. असे बसणारी माणसे मी आयुष्यभर पाहिली. आमच्या भिंगरीला तसे बसलेले बघायची वेळ येईल, असे वाटले नव्हते.

हे घर तिलाच का, ते लिहिणे भाग आहे, कारण उद्या दादा म्हणेल की आजारपणात बहिणीची बुद्धी फिरली.

गेल्या हिवाळ्यात चौघे सकाळी माझ्या खोलीत आले. दादा, वहिनी, जावई आणि भिंगरी, डाव्या मनगटाला प्लास्टर. माझ्या खोलीत दाराजवळची खुर्ची जो घाबरलेला असेल त्याच्यासाठी मोकळी असते. उठून जाता येते एवढे कळले तरी माणूस बसू शकतो. त्या खुर्चीवर जावई बसला. पाय पसरून.

दादा म्हणाला, "तू लोकांची एवढी लग्नं वाचवतेस, घरच्या पोरीचं एक वाचव. काढ तिची समजूत."

"घरच्यांना मी तपासत नाही दादा. कोणीच तपासत नाही. आणि लग्नं वाचवणं हे माझं काम नाही, माणसं वाचली तर बघते."

"मग एवढं शिकलीस कशाला?"

वहिनींनी आधी दादाकडे पाहिले, मग म्हणाल्या, "संसारात भांड्याला भांडं लागतंच."

"भांडं लागलं तर आवाज होतो वहिनी. मनगट मोडत नाही."

जावई हसला. "आत्या, हात एकदाच उचलला. तिनं पण बोलताना जरा..."

"खुर्ची बदला," मी म्हटले.

"अं?"

"उठा आणि तिकडे बसा. तिला दाराजवळ बसू दे."

तो उठेना, म्हणून भिंगरीच उठली. त्याचे पाय ओलांडून बाहेर बाकावर गेली आणि तिथून म्हणाली, "आत्या, मी इथं राहू?" मी हो म्हटले.

त्यावर दादा जे बोलला ते शब्द जसेच्या तसे नोंदवते, कारण हे मृत्युपत्र त्या शब्दांमुळे आहे. "राहू दे. तू किती दिवस पुरणार तिला? तुझ्यामागे घर माझ्याच हाती येणार. मग बसेल कुठं? जाईल आपोआप नवऱ्याकडे." माझ्या मरणाची वाट बघून मुलीला परत धाडायचा बेत माझा सख्खा भाऊ माझ्याच खोलीत मला ऐकवत होता, आणि निघताना वर म्हणाला, "औषधं वेळेवर घेत जा."

कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझे मराठी कच्चे, ही दादाची जुनी थट्टा. असेल. पण एक शब्द मला त्याच्याहून नीट कळतो. समजूत काढणे. काटा काढतात, दात काढतात, तशी हे लोक समजूत काढतात. आत असते ती बाहेर ओढतात. भिंगरीला समजले होते की त्या घरात आपल्या जिवाला धोका आहे. एवढे एक शहाणपण तिने मार खाऊन मिळवले होते, आणि तेच तिच्यातून काढून द्या असे आईबाप मला सांगत होते. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक घरांनी हेच मागितले. जिला लागले तिलाच समजवा. ज्याने मारले त्याची समजूत काढा, असे म्हणत आजवर कोणी माझे दार वाजवले नाही.

तेव्हा घर भिंगरीचे, बिनशर्त. वकीलसाहेबांनी विचारले, "उद्या ती परत नवऱ्याकडे गेली तर? एखादी अट घालू या." नको. गेली तरी घर तिचेच. माणसे परत जातात, मी पाहिले आहे, त्यांना वेड लागलेले नसते. परत यायचे झाले तर दार उघडणारी किल्ली तिच्या स्वतःच्या पर्समध्ये असली म्हणजे झाले. भिंगरे, तू काय ठरवशील त्याबद्दल मेल्यावरही माझे काही म्हणणे नाही.

जावयाला काही नाही. विसरले म्हणून नव्हे, आठवणीने नाही.

खालची खोली माझी तरुण सहकारी चालवत आहे, तिने हवी तोवर चालवावी. भाडे किती ते तिने आणि भिंगरीने ठरवावे. खुर्च्या, घड्याळ, पडदे सहकारिणीचे. माझ्याकडे आलेल्यांची टिपणे तिने न वाचता फाडून जाळावीत. ती माणसे माझ्याशी बोलली, माझ्या वारसांशी नाही. टेबलावरचा कागदी रुमालांचा डबा रिकामा ठेवू नये, आणि कोणी रडायला लागले की लगेच पुढेही सरकवू नये. "आता पुरे" असा त्याचा अर्थ होतो, हे तिला अजून पटत नाही. पटेल.

बँकेतल्या ठेवीतून आधी माझे दवाखान्याचे देणे द्यावे. मग भिंगरीचे अपुरे राहिलेले शिक्षण, तिला पुरे करायचे असेल तर. उरेल ते ज्यांना फी झेपत नाही त्यांच्यासाठी खालच्या खोलीला.

दादाला आईबाबांचा फोटो. शिवाय माझ्या सहकारिणीसमोर हव्या तितक्या वेळा बसण्याची फी याच ठेवीतून भरावी. दादा, एकट्याने यायचे. कोणाला सुधारायला घेऊन यायचे नाही. मी तुझ्यावर फार चिडले आहे, आणि तरी ही ओळ मी खोडणार नाही.

शेवटचे, वहिनींचे. वरच्या मागच्या खोलीवर त्यांचा हयातभर राहण्याचा हक्क असेल. केव्हाही, कितीही दिवस, कोणाला न विचारता. कपाटात त्यांच्या मापाचे कपडे ठेवले आहेत, त्यांना येताना काही घेऊन यावे लागू नये. वहिनी, बोलण्याआधी तुम्ही दरवेळी दादाकडे का बघता, ते मी तुम्हाला कधी विचारले नाही, आणि कारण सांगितल्याशिवाय खोली मिळणार नाही असेही नाही. त्या खोलीची किल्ली वकीलसाहेबांनी स्वतः, दादा घरी नसताना, वहिनींच्या हातात द्यावी. दादाच्या हातात देऊ नये. "मी देतो तिला" असे तो म्हणाला तरी देऊ नये.

(सही) लिहून ठेवणारी

बाईंनी हे सर्व आम्हाला वाचून दाखवले आणि आमच्यासमोर सही केली. आम्हा दोघांना यातून काहीही मिळायचे नाही.

साक्षीदार : (सही) शेजारच्या दातांच्या डॉक्टर
साक्षीदार : (सही) समोरचे घड्याळ दुरुस्तीवाले

ठिकाण : राहते घर, खालची खोली
तारीख : ७ मार्च २०२६