अठ्ठावीस रुपये नामंजूर

६ मार्च २००४, शनिवार
आज टीव्ही, फ्रिज आणि सोफ्याचं बत्तीस हजारांचं कर्ज एका कार्डावरून दुसऱ्या बँकेच्या कार्डावर हलवलं. जुन्या कार्डाला महिन्याला जवळजवळ तीन टक्के व्याज. नव्याला नऊ महिने फक्त पाऊण टक्का! अट एकच, दर महिन्याची मिनिमम रक्कम वेळेवर भरायची. हे कुणाला सांगता? मी एकोणीस वर्षं सरकारी ऑडिटमध्ये आहे.

चैतालीला तक्ता काढून स्कीम समजावली. एफडीतले अठरा हजार तसेच राहणार आणि जूनमध्ये त्यातून तिची एम.एड.ची फी भरायची. चार वर्षं थांबली आहे बिचारी. आधी सोफा, मग फ्रिज. एफडी माझ्या नावावर असली तरी निम्मे पैसे तिच्या अरियर्सचे आहेत. म्हणून शब्द दिला, एफडीला हात लावणार नाही. ती तक्त्याकडे बराच वेळ बघत होती. प्रभावित झाली असावी.

८ मार्च, सोमवार
चैताली शाळेतून उशिरा आली. शिक्षकांच्या पतसंस्थेत काम होतं म्हणे. तिथला कर्जाचा दर साडेतेरा टक्के! वर दोन जामीनदार. लोक अजून कुठल्या काळात जगतात?

२७ मार्च, शनिवार
पहिलं स्टेटमेंट आलं. मिनिमम रक्कम सोळाशे. बारकाईने तपासलं (बाकी गिऱ्हाईकं तपासत नाहीत, तिथेच फसतात). आत 'क्रेडिट शील्ड' नावाच्या विम्याचे अठ्ठावीस रुपये. हा विमा मी मागितलेला नाही. नियमबाह्य खर्च! लाल पेन्सिलीने गोल केला. फार दिवसांनी घरी ऑफिससारखं वाटलं.

३ एप्रिल, शनिवार
बिल रु. १५७२ ला पास केलं. अठ्ठावीस रुपये नामंजूर. चेकला आक्षेपाचा मेमो टाचणीने जोडला, मेमोला जावक क्रमांक दिला आणि मुदतीच्या तेरा दिवस आधी विश्रांतवाडीच्या एटीएमपाशी चेक पेटीत टाकला. चैतालीने विचारलं, बँक तुमच्या हाताखाली आहे का? म्हटलं, प्रश्न पैशांचा नाही, तत्त्वाचा आहे. ती म्हणाली, तत्त्व अठ्ठावीस रुपयांना मिळत असेल तर स्वस्त आहे.

१४ एप्रिल, बुधवार
जयंती. सकाळी सहकुटुंब स्टेशनजवळच्या पुतळ्याला हार घालून आलो. मेव्हणा चेतन जेवायला होता. हिंजवडीत सॉफ्टवेअरमध्ये आहे, सगळी बिलं इंटरनेटवरून भरतो, एकही वाचत नाही. मेमोचं सांगितलं तर घास हातात धरून बघत राहिला. मग म्हणाला, दाजी, तिकडे मशीन आहे, मशीन मेमो वाचत नाही, आजच्या आज अठ्ठावीस रुपये टाकून या. म्हटलं, मशीनच्या वर माणूस असतो आणि माणसाच्या वर ऑडिट. बहीण-भाऊ एकमेकांकडे बघून गप्प बसले. मुद्दा पटला की लोक गप्पच बसतात.

२४ एप्रिल, शनिवार
स्टेटमेंट. मिनिमम रक्कम पूर्ण न भरल्यामुळे लेट फी साडेतीनशे. सवलतीचा दर रद्द. यापुढे २.९५ टक्के. विम्याचे अठ्ठावीस पुन्हा लावलेत!
उघड उघड क्लेरिकल मिस्टेक आहे. चैतालीला उगाच सांगत नाही.

२६ एप्रिल, सोमवार
कस्टमर केअर. चाळीस मिनिटं सनई ऐकली. मग दीपाली नावाची मुलगी आली. तिला म्हटलं, माझा मेमो फाइलला लावलाय का बघा. ती म्हणाली, सर, आमच्याकडे फाइल नसते. एवढी मोठी बँक आणि फाइल नाही! तिने कम्प्लेंट नोंदवून घेतली, म्हणजे आक्षेप तत्त्वतः मान्य झाला.

८ मे, शनिवार
स्मरणपत्र क्र. १ पाठवलं. ऑफिसात तिसऱ्या स्मरणपत्राला भलेभले वठणीवर येतात. लाल पेन्सिल सापडत नाही.

२२ मे, शनिवार
स्मरणपत्र क्र. २ अजून टाइप व्हायचंय आणि तिसरं स्टेटमेंट हजर. नुसतं व्याजच नऊशेच्या वर. हे असंच चाललं तर सोफ्यावर बसायचं भाडं भरल्यासारखं होईल.

२९ मे, शनिवार
एफडी मोडली. अठराही हजार कार्डाला भरले. हिशोबाने हेच बरोबर आहे, कुणीही तज्ज्ञ हेच सांगेल. काउंटरवरच्या बाईंनी कारण विचारलं, तर तोंडातून 'शिक्षण' निघून गेलं.
चैतालीला उद्या सांगतो.

३० मे, रविवार
आज ती खुशीत होती. चांगला मूड कशाला बिघडवा?

१ जून, मंगळवार
आज तिचा मूड वाईट होता. आणखी कशाला बिघडवा?

५ जून, शनिवार
तिने कपाटावरून बी.एड.च्या जुन्या वह्या काढून पुसल्या. मी पेपर वाचत होतो. एकच पान, बराच वेळ.

१२ जून, शनिवार. दुपारी.
विजय! बँकेचं पत्र आलं. आपल्या तक्रारीची दखल घेऊन विम्याचे अठ्ठावीस रुपये खात्यात परत जमा केले आहेत, झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. दर मात्र २.९५ च राहील. पण तत्त्व जिंकलं! आता हे पत्र दाखवायचं आणि त्याच ओघात एफडीचं सांगून टाकायचं. येत्या मंगळवारी फीची शेवटची तारीख आहे.

त्याच दिवशी, रात्री.
पत्र दाखवलं. तिने पूर्ण वाचलं, घडी घालून परत दिलं. मग एफडीचं सांगितलं. सुरुवात ठीक झाली, पुढे नुसती पत्राची घडी उलगडत-घालत राहिलो. फी पुढच्या वर्षी नक्की भरू म्हणालो. तिच्याकडे बघवेना. एकोणीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढल्या आणि बायकोचं एक वर्ष अठ्ठावीस रुपयांत घालवलं. खरंच लाज वाटली.

ती म्हणाली, फी गेल्या सोमवारीच भरली.
कशातून?
पतसंस्थेतून. तुम्ही तक्ता काढून स्कीम समजावलीत ना, त्याच्या पुढच्याच सोमवारी अर्ज दिला. हप्ता पगारातून परस्पर कापतात, विसरायची सोय नाही. एक जामीनदार चेतन.
मला विचारलं का नाही, असं विचारलं. म्हणाली, अर्जावर तुमच्या सहीला जागा नव्हती.

हायसं वाटलं. इतकं की डोळ्यांत पाणी आलं. आणि वाईटही वाटलं. कुठलं किती, हे वेगळं करता येईना. माझा तक्ता अजून पूर्ण व्हायचा होता, तेव्हाच ती जामीनदार शोधायला लागली होती.

आता ती टेबलाशी पुस्तक वाचते आहे, खुणा करत. माझ्या लाल पेन्सिलीने. स्मरणपत्र क्र. २ तपासायचंय म्हणून मी ती मागितली.
वर न बघता म्हणाली, थांबा, मला लागते आहे.