चार घासांचा आचारी

प्रिय हनीफभाई,

काल गंगापूरच्या लग्नात मी शेवटच्या पंगतीला बसलो आणि मानानं उठलो. ही बातमी ऐकून आधी शिवी देणारा आणि मग मिठी मारणारा माणूस एकच होता, तुम्ही; आणि तुम्ही दोन वर्षांपूर्वी हे जग सोडून गेलात. म्हणून हे पत्र. मराठीत लिहितोय, कारण घरात उर्दू चालली तरी पेपर तुम्ही मराठीच वाचायचात.

आधी मोठी गोष्ट सांगून टाकतो. तुम्ही ज्याला ‘नक्को’ म्हणालात ते पोट लहान करायचं ऑपरेशन मी करून घेतलं. आठ महिने झाले. एकशे बत्तीस किलोचा दिगंबर अठ्ठ्याऐंशीवर आलाय! बुटाची लेस स्वतः बांधतो. परवा छावणीतला आपला जुना किराणावाला मलाच विचारत होता, “शेठ नाही आले का?”

पण पोट उरलंय वाटीएवढं. पहिले पंधरा दिवस वरणाचं पाणी आणि ताक. मग मऊ, मग घट्ट. आधी डाळ, पनीर, अंडं. भाताचा नंबर सगळ्यात शेवटी. गोड तर बंदच. जेवताना पाणी नाही, आधी अर्धा तास नाही, नंतर अर्धा तास नाही. एकेक घास इतका चावायचा की मंगल म्हणते, “अहो, गिळा आता, ते कधीच मेलंय.”

घरी जमलं हो. पण आपल्या धंद्याचं काय? सगळे जेवून उठले की मुलीचा बाप आचाऱ्याचा हात धरतो, घरच्यांबरोबर शेवटच्या पंगतीला बसवतो आणि स्वतः वाढतो. आचारी दाबून जेवला तर जेवण झकास. त्यानं हात आखडला तर अन्नातच काहीतरी खोट! आपण दोघं शेजारी बसायचो. तुमच्या विसाव्या पुरीला मांडव टाळ्या वाजवायचा. तीन विटांच्या चुलीपासून एवढं नाव झालं, त्यात त्या पुऱ्यांचाही वाटा आहे, नाही कसं म्हणू?

डॉक्टरांनी आपल्या दोघांना एकाच दिवशी सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, “पेट कटवा को कायका जीना, मियाँ?” आणि मी? मी हसून टाळी दिली. भांडायला हवं होतं. तिथंच, चार माणसांत, आवाज चढवून. आणि तुम्हीही काय हो! गल्लीत कुणाला ताप आला तरी रिक्षा बोलवायचात, स्वतःच्या छातीत दुखलं तेव्हा सोडा मागवलात.

ऑपरेशननंतर मीही एक घाण चूक केली. लपवलं. वाटलं, न जेवणाऱ्या आचाऱ्याला काम देणार कोण? तिसऱ्या महिन्यात छावणीतल्या एका लग्नात मुलीच्या वडिलांनी तोंडापुढं जिलबी धरली. नाही म्हणवेना. एक खाल्ली, दुसरीही खाल्ली. दहा मिनिटांत घामाच्या धारा, छातीत धडधड. तांदळाच्या पोत्यांवर आडवा झालो. माझे कान तर तुम्हाला माहीतच आहेत. कनातीपलीकडून एक बाई म्हणाली, “अगं, आचाऱ्यालाच बाधलं! तो मठ्ठा पिऊ नको.” क्षणात पंगत हात धुवायला उठली. अन्न चोख होतं हनीफभाई, खोटा मी होतो. त्या बापाचा चेहरा अजून दिसतो. पुढची दोन लग्नंही हातची गेली.

म्हणून काल ठरवूनच गेलो. पाटील हात धरायला आले तसं सगळ्यांसमोर म्हणालो, “पाटील, बसतो. पण ऑपरेशन करून माझं पोट लहान केलंय. ताट नको, वाटी द्या. चार घास खाईन, पण तुमच्यासमोर खाईन.”

नवरीची आजी कडाडली, “अरे बाबा, आचाऱ्याचंच पोट कापलं, मग सैपाक चाखला कुणी?”

“माझ्या बायकोनं, आजी. मी निस्ता ऐकतो. फोडणी कच्ची ऱ्हायली की कानाला कळतं. मिठाचं तेवढं कळत नाय.”

“मग तिलाच बशीव की पंगतीला! तू कशाला मधी मधी?”

काय हशा पिकला! मंगलला खरंच आणून बसवलं. तिच्यापुढं भरलेलं ताट, माझ्यापुढं वाटीत मटकीची उसळ. मी चावतोय, चावतोय. पाटील घाबरून वाकले, “खारट झालं काय हो?”

“नाय पाटील, मला असंच चावावं लागतं.”

चौथ्या घासाला पोटानं बस म्हटलं. मी वाटी खाली ठेवली आणि कुणीही उठलं नाही! मंगलनं बुंदी दोनदा मागून घेतली, तेव्हा तर आजीनं स्वतःच टाळी वाजवली.

हात धुताना नवरीचा मामा शेजारी येऊन उभा राहिला. देह तुमच्यासारखा, उभ्या उभ्या धाप. इकडंतिकडं बघून हळूच म्हणाला, “लई दुखतं का हो?”

“आठवडाभर. नंतर जिलबी दिसली की दुखतं.”

तो हसला नाही. म्हणाला, “आमच्या घरात कुणी ऐकायचं नाय. मलाबी धीर व्हईना.”

हनीफभाई, शब्द देतो. सोमवारी मी त्या मामाच्या घरी जाणार. त्यानं थट्टेवारी नेलं तरी बसून राहीन. चिडला तर मंगळवारी पुन्हा जाईन. घरच्यांशी भांडावं लागलं तर भांडेन. त्याला डॉक्टरांपुढं बसवल्याशिवाय मी उठणार नाही. तुमच्या वेळी हसून टाळी देऊन उठलो, तसा तर नाहीच.

तुमचा भागीदार,
दिगंबर